मी गोव्याला गेलो नव्हतो

मला दुपारची भीती वाटते. लोकांना रात्रीची वाटते, अमावास्येची वाटते. आमच्या वाडीत तर तिठ्यावरच्या वडाखालून एकटं जायला घाबरणारे धट्टेकट्टे गडी आहेत. माझं भूत मात्र भर उन्हात यायचं. जेवणं झाली, बायको बाजारात गेली, आई शेजारी गजाली मारायला गेली आणि घर रिकामं झालं की ते यायचं. माझ्याच आवाजात बोलायचं. म्हणायचं, तू नसलास तर ह्यांचं बरं चालेल.

हे लिहायला मला पुष्कळ वेळ लागला. दोनदा कागद फाडले. तरी लिहितो आहे, कारण ज्या दिवसांत मला त्या आवाजाचं सगळं खरं वाटत होतं, त्या दिवसांत असं काही वाचलं असतं तर निदान हा आजार आहे एवढं तरी कळलं असतं. ज्यांना असे विचार येत असतील त्यांनी हे कोणाजवळ तरी बसून वाचावं. एकट्याने वाचू नये.

मी कोण

मी दिगंबर. मालवणजवळच्या एका वाडीत माझं घर आहे, अंगणाच्या पुढे माडांची रांग आणि त्यापुढे वाळू. बापाचं आयुष्य रापणीवर गेलं, मीही रापणीवरच वाढलो. ज्यांना रापण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून मोठं जाळं अर्धगोलात समुद्रात सोडायचं आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून सगळ्या वाडीने मिळून ओढायचे. बायका, म्हातारे, सगळेच दोराला लागतात. विकायचं म्हावरं, म्हणजे मासे, बाजूला काढलं की खायच्या म्हावऱ्याचे वाटे वाळूवर मांडतात, घराप्रमाणे, ओळीने. प्रत्येकाला आपली जागा माहीत असते. कुणाचं नाव पुकारावं लागत नाही.

वाट्याचा आमचा कायदा जुना आहे आणि कुठे लिहिलेला नाही. जो आजारी पडला त्याचा वाटा पडतो. विधवेचा पडतो, बाळंतिणीचा पडतो. जो बाहेर कमवायला गेला त्याचा पडत नाही. तो परत येऊन दोराला हात लावेल तेव्हा त्याची जागा पुन्हा सुरू. ह्यात राग-लोभ नसतो.

मग मासा कमी झाला. रात्री समुद्रावर मोठ्या बोटींचे दिवे असे पेटायचे की शहर वसल्यासारखं वाटायचं, आणि सकाळी आमच्या जाळ्यात जेलीफिश आणि प्लॅस्टिक. मी बांद्यावरून गोव्यात गेलो, एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात मासे साफ करायला. बरी चालली होती ती नोकरी. पुढे हॉटेलचा मालक बदलला आणि नव्या मालकाला तरुण पोरं हवी होती. मी घरी आलो. रापणीचे म्होरके भिकाजीआबा, सत्तरी गाठलेले, त्यांनी काही न विचारता दोराकडे बोट दाखवलं आणि मी ओढायला लागलो.

म्हणजे पाहा, वाईट काही घडलं असं नाही. नोकरी गेली, ती तर कितीकांची जाते. बायको वैशाली मालवणच्या बाजारात मासे विकते. पूर्वी ती आमच्या रापणीचं म्हावरं विकायची, आता लिलावात त्या मोठ्या बोटींचं घेऊन विकते. ज्यांनी माझं जाळं रिकामं केलं त्यांच्याच माशांवर माझ्या घरात चूल पेटत होती. मी तिला हे कधी बोललो नाही. पण जेवायला बसलो की घास तोंडात फिरायचा. आपण बसून खातो आहोत, बायकोचं खातो आहोत, एवढंच डोक्यात.

आधी झोप गेली. मग भूक गेली. मग एका सकाळी रापणीची हाक आली आणि मला उठताच येईना. पाय होते, हात होते, ताप नव्हता. नुसतं उठता येईना. आई म्हणाली, "सोंगा करतंस काय रे?" मलाही तेच वाटलं की मी सोंग करतो आहे.

डॉक्टरीणबाईंचा प्रश्न

आमच्याकडे असं काही झालं की आधी पोटाचं औषध देतात. मग शक्तीचं टॉनिक. त्यावर मधले काही दिवस मी कसाबसा दोराला जाऊन उभा राहायचो. मग आईने देवाला गाऱ्हाणं घातलं, माझ्या डोक्यावरून नारळ उतरवला. ह्यातल्या कशालाच मी नावं ठेवत नाही. प्रत्येकजण आपल्याला जमेल ते करत होता. शेवटी गावातल्या डॉक्टरांनीच वैशालीला बाजूला घेऊन सांगितलं की ह्यांना कणकवलीला मनाच्या डॉक्टरांकडे न्या.

कणकवलीला जायचं म्हणजे वैशालीचा बाजार बुडतो. तिने तो बुडवला. एसटीत ती खिडकीशी बसली होती आणि मी बाहेर बघत नव्हतो, कारण ओळखीचं कोणी दिसलं आणि कुठे चाललात असं विचारलं तर काय सांगायचं ह्याच धास्तीत होतो. मी मेंटल झालो, हे मी स्वतःलाच बसमध्ये शंभरदा ऐकवून घेतलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. झोप, भूक, काम, सगळं विचारलं. मी सरकारी कचेरीत बोलतात तसं अगदी शुद्ध बोलत होतो. "होय मॅडम. नाही मॅडम. तसं विशेष काही नाही." मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि भाजीचा भाव विचारावा इतक्या साध्या आवाजात विचारलं,

"जगू नये, जीव द्यावा, असे विचार येतात का?"

मला झालं चोरी पकडली गेल्यासारखं. वैशाली शेजारीच बसली होती. मी म्हणणार होतो, छे छे. तोंड उघडलं आणि निघालं ते वेगळंच.

"येतत," मी म्हटलं. "रोज येतत. माका माजीच भीती वाटता."

वैशालीने हुंदकासुद्धा दिला नाही. तिने फक्त माझ्या सदऱ्याची बाही पकडली आणि मला हॉस्पिटलात भरती करेपर्यंत ती सोडली नाही. मला वाटलं होतं हे शब्द उच्चारले की काहीतरी भयंकर होईल. झालं असं की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत," आणि पंखा फिरत राहिला. आजाराचं नावही त्यांनी सांगितलं, नैराश्य, आणि तो चांगलाच वाढलेला आहे असंही सांगितलं. त्या म्हणाल्या, विचारल्याने विचार वाढत नाहीत, न विचारल्याने माणूस एकटा पडतो. हे मी मुद्दाम लिहितो आहे. घरच्यांनो, विचारायला भिऊ नका.

वॉर्डात

त्याच दिवशी मला ठेवून घेतलं. अंगावरच्या काही वस्तू काढून घेतल्या. कोणत्या ते सांगत नाही. पहिल्या दिवशी मी इतका घाबरलो होतो की शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकला तरी दचकायचो. आता हे मला बांधून ठेवणार, शॉक देणार, माझ्या मुलीचं लग्न अडणार, हे सगळं एकापुढे एक. मुलगी मयूरी तेव्हा कणकवलीतच मावशीकडे राहून कॉलेज करत होती, आणि तिचा बाप तिच्या कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर वेड्यांच्या वॉर्डात पडला होता. तिला कळवू नका असं मी वैशालीला बजावलं. ती ऐकणाऱ्यातली नाही. दुसऱ्या दिवशी मयूरी आली, माझ्या खाटेवर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, वॉर्डातली पेज कॉलेजच्या कॅन्टीनपेक्षा बरी आसा." मी कितीतरी दिवसांनी हसलो आणि हसता हसता रडायला लागलो.

वॉर्डाचा दिवस सोपा असतो. गोळ्या, चहा, फेरी, पेज, गोळ्या. पहिला आठवडा गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं आणि हात कापायचे. मला वाटायचं गोळ्याच मला मारताहेत. सिस्टरांना तसं म्हणालो तर त्या म्हणाल्या, "काका, गोळीला थोडा वेळ द्या की. जाळं टाकल्या टाकल्या ओढता काय?" त्या घाटावरच्या होत्या, जाळं कधी ओढलं नसेल, पण मला पटलं. आणि मग एका दुपारी मला झोप लागली. खरी झोप, तोंड उघडं टाकून. उठलो तेव्हा उशीला लाळ लागली होती आणि मला इतकं सुख वाटलं की ते सांगता येणार नाही.

तिथे मी माणसं पाहिली. नांदगावचा एक टेम्पोवाला, अपघातानंतर गाडी चालवता येईना म्हणून बसून राहिलेला. काजूच्या कारखान्यातली एक बाई, नवऱ्याने टाकलेली. आणि एक बँकेतले साहेबही होते, इस्त्रीची पायजमा-बंडी घालून बसायचे खाटेवर. तेव्हा हा फक्त गरिबांचा आजार आहे असं कोणी समजू नये. पण साहेबांची बदली थांबवून ठेवली होती, पगार चालू होता, आणि ते घरी गेले की त्यांची बँकेतली खुर्ची जागेवरच असणार होती. टेम्पोवाल्याला मात्र रोज विचार पडायचा की इथून बाहेर पडून जायचं कुठे. आजार तोच. पायाखालची जमीन वेगळी.

मी डॉक्टरीणबाईंना एकदा सरळ विचारलं, "समुद्रात मासा परत आला तर मी बरा होईन का?"

त्या म्हणाल्या, "पाय मोडलेल्या माणसाला चिखलातून चालायचं असेल तर प्लास्टर घालावंच लागतं. ते मी घालते आहे. पण चिखल आहे हे मी नाही म्हणणार नाही. तुमचं काम गेलं, मान गेली असं तुम्हाला वाटतं, ते सगळं ह्या आजाराला खाऊ घालतं. म्हणून एकटं राहायचं नाही. आणि घराबाहेरच्या निदान एका-दोघांना हे खरं खरं सांगायचं."

मी मान डोलावली. वैशालीनेही डोलावली. तिचा चेहरा मात्र पडला, आणि तो का पडला हे मला घरी गेल्यावर कळलं.

गोव्याला गेलेला माणूस

मी भरती झालो त्या संध्याकाळी भिकाजीआबा आमच्या दारात आले होते. दिगू दोन दिवस दोरावर दिसला नाही, म्हणून विचारायला. आई दारात उभी होती. तिने क्षणभरही विचार केला नाही.

"तो गोव्याक गेलो. हॉटेलवाल्यांनी परत बोलावल्यानी," तिने सांगितलं.

आईवर मला राग धरता येत नाही. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मगे काय सांगतलंय? येड्यांच्या इस्पितळात आसा म्हणान? मयूरीचा लगीन व्हयाचा आसा. उद्या कोण दारात उबो रवतलो?" ती चूल फुंकत होती आणि धुराच्या निमित्ताने डोळे पुसत होती.

एकदा सांगितलेलं खोटं सांभाळावं लागतं. हॉस्पिटलातून सोडल्यावर मी संध्याकाळी उशिरा, रिक्षातून, तोंडावर टॉवेल घेऊन घरी आलो. जो माणूस गोव्यात आहे तो अंगणात दिसून चालणार नव्हता. पुढची खिडकी बंद. शेजारची काकू आली की मी माजघरात, आणि खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं. एकदा आईने काकूंच्या समोर मला फोन लावल्याचं नाटक केलं. "हॅलो, जेवलस मां रे झिला? थंय पाऊस आसा काय?" मी भिंतीच्या पलीकडे बसून पेज खात होतो. वैशालीला हसू आवरेना. ती पदर तोंडात धरून मागच्या दारी पळाली. मलाही हसू आलं. पण लगेच अंगावर काटा आला. आपण मेल्यावर घर असंच चालेल, आवाज असेच येतील, फक्त आपण भिंतीच्या पलीकडे असू, असं वाटून गेलं.

वैशाली काही दिवस बाजारात गेली नाही, माझ्याजवळ राहिली. नको त्या वस्तू तिने घरातून आधीच हलवल्या होत्या. पण बाजारात बसायची जागा चार दिवस रिकामी राहिली की तिथे दुसरी टोपली येते. एकटं सोडू नका हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ते खरं, पण माणसाला सोबत करायला माणूस लागतं आणि आमच्या घरातलं एकुलतं कमावतं माणूस तेच होतं. तिने आईला बसवलं आणि ती टोपली घेऊन गेली. आई दुपारपर्यंत बसली. मग तिला शेजारून हाक आली. नाही गेली तर काकू इकडे येणार. ती गेली.

आणि घर रिकामं झालं.

वाटे

त्या दुपारी रापण लागली होती. बऱ्याच दिवसांनी मासा लागला होता. आरोळ्यांवरूनच कळत होतं. मी बंद खिडकीच्या फटीला डोळा लावून बसलो. दोर ओढणाऱ्यांचे पाय वाळूत रुतताना दिसत होते. माझे हात आपोआप मुठी वळून मागेपुढे होत होते. मला वाटलं, मी बरा होतोय. खरंच क्षणभर तसं वाटलं.

मग वाटे मांडायला घेतले. तारली मासळी होती, चमकत होती. आबा वाकून ओंजळी टाकत चालले. आमच्या शेजारच्या काकूंचा वाटा पडला. त्यानंतर माझी जागा. आबा तिथून पुढे गेले. थांबलेसुद्धा नाहीत. पुढच्या घराचा वाटा पडला.

वाचणाऱ्याला लगेच कळेल की ह्यात काही विशेष नाही. गोव्याला गेलेल्याचा वाटा पडत नाही, कायदाच तो. मी स्वतः इतकी वर्षं त्याच कायद्याने वागलो. पण त्या वेळी माझं डोकं माझं नव्हतं. आपल्या घरून गोव्याचं सांगितलं आहे हे मला ठाऊक असूनही ते मला आठवलं नाही. मला इतकंच दिसलं की आजाऱ्याचा वाटा पडतो आणि माझा पडला नाही. म्हणजे मी आजारीसुद्धा नाही. मी नाहीच. वाडीने माझी जागा बुजवून टाकली. आणि तो आवाज आला, इतका शांत कधीच आला नव्हता. म्हणाला, बघ, ह्यांचं तर आधीच झालं आहे.

मी घाबरलो होतो हे सांगायला शब्द पुरत नाहीत. घाबरलो ते मरणाला नाही. मला त्याची भीती वाटेनाशी झाली, त्याला घाबरलो. आत कुठेतरी एक दिगंबर होता जो किंचाळत होता की हा जो दुसरा शांत झाला आहे त्याला घरात एकटा ठेवू नका.

मी वैशालीला फोन लावला. बाजारात गर्दी, तिने उचलला नाही. मग मी दार उघडलं आणि बाहेर पडलो. कुठे जायला, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. एका बाजूला खडपं, म्हणजे किनाऱ्यावरचे खडक, होते, दुसऱ्या बाजूला माणसं. माझे पाय माणसांकडे वळले. एवढंच झालं. त्यात शौर्य काही नाही. अंगात बनियन, पायात चप्पल नाही, वाळू भाजत होती, आणि बहुतेक त्या भाजण्यानेच मी थोडा शुद्धीवर राहिलो.

सगळे बघत राहिले. आबांच्या हातातली ओंजळ तशीच राहिली.

"रे दिगू! तू खंयसून उगवलंस? तू गोव्याक मां?"

"नाय आबा," मी म्हटलं. माझा आवाज फाटला होता. "मी खंयच गेलंय नाय. मी कणकवलेक हॉस्पिटलात होतंय. माका बरा नाय. माका जीव देवचे इचार येतत. आता पण येतत. माका घरात एकट्याक सोडू नकात."

मला वाटलं, संपलं, मुलीचं लग्न अडलं, आईचं नाक कापलं. आबा माझ्याकडे आले. त्यांनी मला मिठी मारली असं लिहायला मला आवडलं असतं. ते भडकले होते.

"मेल्या, मगे ह्या आदी सांगूक काय झालेला?" ते ओरडले. "आजारी पडलेल्याचो वाटो ह्या वाळयेर कदी चुकलो हा? तुजी आये सांगता गोव्याक गेलो, म्हणान वाटो मांडलो नाय. आमका काय सपान पडतला?" मग मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "बगतास काय? वाटे मांडून झाले आसत. एकेक मूठ काडा आपापल्यातली."

आणि एकेकाने आपल्या वाट्यातली मूठभर तारली उचलली आणि माझ्या जागेवर आणून टाकली. काकू आईला आपल्या ओट्यावर सोडून वाट्याला आल्या होत्या, त्यांनीही टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हणान तुज्या घरातसून खोकल्याचो आवाज येय होतो." मी वाळूवर बसलो. कोणीतरी डोक्यावर टॉवेल टाकला. वैशाली येईपर्यंत मला कोणी उठू दिलं नाही, आणि ती आली तेव्हा डॉक्टरीणबाईंना फोन लावायला चौघं पुढे आले.

आबा

इथे संपवलं असतं तर गोष्ट छान झाली असती. पण मी लगेच बरा झालो नाही. गोळी बदलली, पुन्हा काही दिवस वॉर्डात राहिलो. वाडीत सगळेच काही देवमाणसं नाहीत. एकाने मला पाहून पोरांना घरात बोलावलं. एकाने वैशालीला विचारलं की आता बाजारात हिशोब तरी नीट करतेस ना, जणू वेड तिलाही लागलं होतं. मासा जितका होता तितकाच राहिला. दिवे अजून रात्री पेटतात. ह्यातलं काही गोळीने बदलत नाही, आणि गोळी नसती तर हे सगळं सोसायला मी नसतो. दोन्ही लिहून ठेवतो.

बदललं ते एवढं, की दुपारी घर रिकामं राहायचं थांबलं. आबा यायचे. जेवण झालं की काठी टेकत यायचे, ओट्यावर बसायचे, तुटलेलं जाळं विणायला घ्यायचे आणि दुसरं टोक माझ्या हातात द्यायचे. फारसं बोलायचे नाहीत. आई चहा द्यायची. उन्हं उतरली, वैशाली आली, की ते उठून जायचे. मला लाज वाटायची. सत्तरीचा माणूस, रापणीचा म्होरक्या, स्वतःची झोप मोडून माझी राखण करतो. तेही मनावर ओझं व्हायला लागलं. पुन्हा तेच, मी कोणाच्या तरी डोक्यावर आहे.

एक दिवस मी धीर करून म्हणालो, "आबा, आता माका बरा वाटता. रोज कित्याक तरास करून घेतास? तुमी नाय इलात तरी चलात."

आबांची सुई थांबली. त्यांचे दोन्ही मुलगे मुंबईला, बायको जाऊन काही वर्षं झालेली, हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच त्याचा विचार कोणी करत नसे. रापणीला आता तरुण हात मिळत नाहीत, पुढच्या वर्षी ती लागेल की नाही ह्याचीही खात्री नव्हती, आणि त्यांना दुसरं काही येत नव्हतं. ते जाळ्याकडे बघत राहिले. मान वर न करता बोलले.

"तुका वाटता मी तुज्यासाठी येतंय?"

त्यांनी अर्धवट राहिलेली गाठ आवळली.

"दुपारी घरात एकट्याक माका भिया वाटता, दिगू," ते म्हणाले. "तुका वाटायचा तसाच. तू त्या दिसा सगळ्यांसमोर बोललंस. माका तां बोलूक जमणा नाय."

इतके दिवस मी स्वतःला घाबरत होतो. तेव्हा पहिल्यांदा मी दुसऱ्या कोणासाठी तसा घाबरलो, आणि वैशाली डॉक्टरीणबाईंसमोर माझी बाही धरून काय सोसत होती ते मला कळलं. मग मी त्यांना विचारलं, डॉक्टरीणबाईंचाच प्रश्न, जसाच्या तसा, कारण दुसरा मला येत नव्हता. ते होय म्हणाले.

त्या संध्याकाळी मी आबांना घरी जाऊ दिलं नाही. वैशालीने त्यांच्यासाठी माझ्या बिछान्याशेजारी चटई घातली आणि कारण विचारलं नाही. सकाळी आम्ही दोघं कणकवलीच्या एसटीत बसलो. तिठ्यावर ओळखीचे लोक चढले, खंय चललास म्हणून त्यांनी आबांना विचारलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचा हात धरला.

"डॉक्टराकडे," आबा म्हणाले. "माका बरा नाय."